मीच निवडलेलं मशीन

सोल शिवायचं जुनं मशीन घेताना काय काय तपासायचं, हे मी सतराव्या वर्षी शंभर पानी वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढलं होतं. वहीचा पुढचा भाग भूमितीचा होता. प्रश्न अकरा होते आणि त्यातले निम्मे अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मिळवलेले होते. त्याच्याकडे असलं मशीन होतं. तो तंबाखू मळत एकेक गोष्ट सांगायचा आणि मी उभ्याउभ्या लिहायचे. ताजा रंग दिसला की संशय घ्यायचा, कारण ओतीव लोखंडाला तडा गेला की वेल्डिंग करून वरून रंग मारतात. मोटर बंद ठेवून आधी चाक हातानं फिरवायचं. कुठं अडतं, कुठं सैल पडतं, ते हाताला कळतं, मोटर लावल्यावर कळत नाही. ज्या लोखंडी दांड्यावर बूट उलटा चढवतात तो धरून हलवायचा. आम्ही त्याला शिंग म्हणायचो, कारण ते दिसायचंच तसं, बुडाशी जाड आणि वळत जाऊन टोकाला बारीक. त्या टोकात एक छोटी फिरकी असते, ती सुईच्या आकड्यात दोरा अडकवते. फिरकीतून करकर आली तर मशीन सोडून द्यायचं. सुई कुठल्या नंबरची लागते, ती अजून बाजारात मिळते का, हे विचारायचं. आणि शिवून बघायचं ते विकणाऱ्यानं पुढं केलेल्या मऊ चामड्यावर नाही, आपण घरून नेलेल्या बुटावर.

आज मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करते. वापरलेलं यंत्र विकत घ्यायचं झालं की अजूनही मलाच पाठवतात, आणि यादी आता वाढून तीन पानांची झाली आहे. तिच्यातला पहिला प्रश्न मात्र त्या वहीत नव्हता. हे यंत्र रोज चालवणार कोण, हा तो प्रश्न. तो न विचारल्यामुळे आमच्या घरात जे झालं ते लिहायचं बरीच वर्षं टाळलं.

आमचं घर परळीला, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चपला-बूट दुरुस्तीची टपरी थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राला, जाणाऱ्या रस्त्यावर होती आणि गिऱ्हाईक बहुतेक थर्मलचंच, म्हणजे कोळसा उतरवणारे, राख उपसणारे, ठेकेदाराची माणसं. त्यांच्या पायात पुढं लोखंडी टोपी असलेले जड बूट असायचे. गरम राखेवर चालून चालून त्या बुटांचे तळ सुटायचे, सुटलेल्या फटीत राख जायची आणि ती आतून दोरा कापायची. अण्णा आरीनं भोक पाडून, दोन्हीकडून दोरा ओढून, तो तळ पुन्हा बांधून द्यायचे. दोरा घरी तयार व्हायचा. माय मांडीवर तो वळायची, मग मेण आणि राळ एकत्र कढवलेल्या गोळ्यातून तीन वेळा ओढायची. त्या राळेचा वास तिच्या हाताला कायम असायचा, भाकरी थापतानासुद्धा. आमच्या भाकरीला दोन चवी होत्या, एक राळेची आणि एक राखेची, कारण परातीतलं पीठ जरा वेळ उघडं राहिलं की त्यावर वाऱ्यानं करडा थर धरायचा. माय तो वरचेवर फुंकायची आणि म्हणायची, "खावा, पोटात जाऊन चूल पेटंल." दिवसातून तीनदा थर्मलचा भोंगा व्हायचा, अधूनमधून कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आदळायच्या. आमच्याकडे घड्याळ नव्हतं आणि कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती.

मग अण्णांचा उजवा अंगठा आखडला. आधी सकाळी सकाळी, मग दिवसभर. आरी ढकलायला तळहात चालतो, पण दोरा ओढून आवळायला अंगठा लागतो. दिवसाला बारा जोड करणारा माणूस चारावर आला. माझा मोठा भाऊ विलास त्याच्या आदल्या वर्षीच भोसरीला कंपनीत लागला होता. जाताना तो "सहा महिन्यांत येतो" म्हणाला होता. सहा महिन्यांनी तो आला, लग्न ठरवून गेला आणि मग फक्त पैसे यायला लागले. अण्णा त्याच्याविषयी कधी वाईट बोलले नाहीत. फक्त टपरीत त्याच्यासाठी केलेला लाकडी पाट त्यांनी उलटा करून ठेवला आणि त्यावर कुणाला बसू दिलं नाही. माझी दहावी झाली, मार्क चांगले पडले, आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणून मी घरी राहिले. मशीनची कल्पना माझीच. विलासदादाला पत्रही मीच लिहिलं. त्यानं पैसे पाठवले, आणि अण्णा आणि मी रेल्वेनं हैदराबादला गेलो. पिशवीत माझी वही, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक फाटका थर्मलचा बूट होता.

जुन्या मशीनचा तो बाजार एका लांबट गल्लीत होता. विकणाऱ्याचं नाव मस्तानभाई. वय साठीचं, पांढरी दाढी, लोखंडाच्या ढिगात खुर्ची टाकून बसलेला. त्यानं आम्हाला चहा आणि खारी बिस्किटं दिली आणि माझी वही बघून अण्णांना म्हणाला, "तुम मशीन लेने आए कि छापा मारने आए, मियाँ?"

"पोरगी लई हिशेबी हाय आमची," अण्णा हसत म्हणाले.

"हौ, दिख रहा. पूछो बेटा, पूछो. आज मेरा इम्तिहान है."

मी अकरा प्रश्न क्रमानं विचारले. शेवटी दोन मशीनं उरली. एक लहान, हिरवं, हातानं चाक फिरवायचं. चाकाच्या एका फेऱ्याला एक टाका. दुसरं माणसाच्या छातीएवढं उंच, काळं, मोटरचं, खाली दोन पायट्या, वर मेणाचं भांडं, ज्यातून दोरा गरम मेणात भिजत जातो. दोन्हींत दोष नव्हता. हिरव्यावर दिवसाला पाच-सहा जोड झाले असते, काळ्यावर तीस. मी हिरव्याचं चाक एकदा फिरवलं आणि म्हणाले, "हे खेळणं हाय."

"खेळना नक्को बोलो," मस्तानभाई म्हणाला. "ये बुढ्ढे की मशीन है. बुढ्ढा चलाता, बुढ्ढा खाता. वो काली जवान की मशीन है. मिजाज वाली. मर्जी तुम्हारी."

मी काळ्याच्या खाली वाकले, मोटर कुठली आहे ते बघायला. ती आमच्या घरच्या विजेवर चालणारी नव्हती, ती बदलून घ्यावी लागणार होती, आणि त्यावरून मस्तानभाईच्या माणसाशी माझं बराच वेळ चाललं. तोवर अण्णा दोन्ही मशीनांपाशी घुटमळत होते. मी वर आले तेव्हा ते हात पुसत उभे होते.

"अण्णा, कोणचं घ्यायचं?"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "तू म्हणशील ते."

मला तेव्हा त्या तीन शब्दांचा फार अभिमान वाटला. आमच्या समाजात, आमच्या वस्तीत, सतरा वर्षांच्या मुलीला असं कोण विचारत होतं? परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून वहीत "काळे मशीन – पसंत" असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आठ दिवसांनी ट्रक आला. टपरीत ते मावणं शक्य नव्हतं, म्हणून ते घरात, आतल्या खोलीत बसलं. दाराची चौकट काढावी लागली, खाट बाहेर गेली, कणग्या कोपऱ्यात सरकल्या, आणि चार हमालांनी ते आणून ठेवल्यावर त्या खोलीत एका माणसाच्या उभं राहण्यापुरती जागा उरली. खिडकी होती, पण ती रुळांकडे उघडायची. उघडली की राख मेणात पडायची, म्हणून ती खिळे मारून बंद केली. दार तेवढं उघडं ठेवता आलं असतं. पण ते मीच चालवणार हे दोनच दिवसांत ठरून गेलं, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या गयामावशीनं मायला ओट्यावर गाठलं. "आगं, पोरीला कारखान्यावानी जुंपली व्हय? उद्या सोयरीक आली, अन् त्यांनी बघितलं तर? मेणानं हात काळे, डोस्क्यात राख. दार लावून घेत जा बाई."

दार लागलं. टपरीवर कुणी विचारलं, शिवतं कोण, तर अण्णा सांगायचे, "कारागीर ठेवलाय घरी." कारागिराचं कौतुक व्हायचं. एकदा एका फिटरनं त्या कारागिरासाठी पेढे पाठवले होते. ते मी दाराआड उभ्यानंच खाल्ले.

मशीन मिजासखोर होतं यात शंका नाही, पण मला ते महिन्याभरात वश झालं. बूट उलटा करून शिंगावर चढवायचा, दोन्ही हातांनी धरायचा, पाय पायटीवर. सुई वरून तळ फोडत खाली जाते, शिंगाच्या टोकाशी दोरा पकडते, ओढत वर येते. पाय सोडायचा तो सुई वर असतानाच. खाली असताना सोडला आणि बूट वळवला की सुई तुटली. हे डोळ्यांनी बघून होत नाही, कानानं होतं. सुई खाली जाताना "खट्" आणि वर येताना "खाक्". खाकवर पाय सोडायचा. काही बुटांच्या तळात पोलादी पत्रा असतो, म्हणून प्रत्येक बुटाला आधी लोहचुंबक लावून बघायची सवय मी करून घेतली. सगळ्यात अवघड पुढचं टोक. तिथं ती लोखंडी टोपी, आणि शिंग तिच्याखाली जेमतेम शिरतं. बूट डावीकडं तिरका करून दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरावा लागतो आणि टोकाचे आठ-नऊ टाके मधे न थांबता घ्यावे लागतात. मधे थांबलं की बूट सुटतो, आधीची साखळी उसवते, पुन्हा पहिल्यापासून. वीज गेली तर आणखी निराळी कथा. थर्मल आमच्या दारात आणि वीज आमच्या घरातून जायची. ती गेली की मेण शिंगाच्या आत थिजायचं आणि दोरा दगडासारखा व्हायचा. मग रॉकेलची चिमणी शिंगाखाली धरून उभं राहायचं, तेही दार लावून. उन्हाळ्यात त्या खोलीत मेण आणि मी दोघंही पातळ होत असू.

हे सगळं मी वहीत लिहीत गेले, कुठल्या बुटाला किती ताण, कुठल्या दोऱ्याला किती मेण. इतकं व्यवस्थित कुणी ठेवलं नसेल. तीस जोड निघायला लागले. घरात तुपाची बरणी आली, मायला नवं लुगडं आलं, पडवीला फरशी आली. सकाळी भोंगा झाला की मी आत जायची, दुपारचा झाला की माय दाराच्या फटीतून ताटली आत सरकवायची. भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा. मी उभ्याउभ्या जेवायची, कारण बसायला जागाच नव्हती. संध्याकाळच्या भोंग्याला बाहेर आले की उजेड डोळ्यांना खुपायचा. मैत्रिणी आधी हाका मारायच्या, नंतर मारेनाशा झाल्या. आवाजामुळे मला त्या ऐकूच यायच्या नाहीत.

पुढच्या वर्षी मी गुपचूप औरंगाबादला डिप्लोमाचा अर्ज भरला. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी मदत केली. यंत्र-शाखेला माझा नंबर लागला आणि पत्र आलं. अमुक सोमवारी मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, न आल्यास जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल. मधे तीन आठवडे होते. मी ते पत्र अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "लई चांगलं झालं."

"मग जाऊ ना?"

"आता नको कोण म्हणतंय?"

नको ते कधीच म्हणत नसत. दुसऱ्या दिवशी सायकलवर तीन पोती आली. थर्मलचा एक संच दुरुस्तीसाठी बंद होणार होता, ठेकेदाराची बाहेरगावची माणसं येणार होती, आणि त्या सगळ्यांचे जुने बूट नीट करून द्यायचं काम अण्णांनी घेतलं होतं. पोती पडवीत ठेवून ते म्हणाले, "शब्द दिलाय बघ." त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी दोन पोती. बुटांचा ढीग दाराच्या बाहेर वाढत चालला. संध्याकाळी बाहेर यायला मला आतून दार ढकलावं लागायचं आणि बूट घरंगळायचे. मी वहीत दिवस आणि जोड समोरासमोर मांडले. कसंही मांडलं तरी सोमवारपर्यंत पोती संपत नव्हती. आणि ती संपली तरी नंतर काय? मशीन चालवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. ते मशीन मीच निवडलं होतं, मीच वश केलं होतं, मीच दुसऱ्या कुणाला त्याच्याजवळ येऊ दिलं नव्हतं. तुपाची बरणी, फरशी, ठेकेदाराला दिलेला शब्द, सगळं माझ्या दोन अंगठ्यांवर उभं होतं. रागावावं असं कुणी समोर नव्हतं, याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

मग मी अण्णांना शिकवायचं ठरवलं. दुपारी टपरी बंद करून ते दोन तास यायचे. वहीतली पानं समोर भिंतीला चिकटवली. पहिल्या दिवशी दोन सुया तुटल्या, दुसऱ्या दिवशी तीन. त्यांचा अंगठा दाबच धरत नव्हता, बूट शिंगावरून सरकायचा. ते हसायचे. "म्हातारा बैल नव्या गाडीला जुंपलास, सुरे." तिसऱ्या दिवशी मी टोकाच्या टाक्यांवर आले. बूट कसा धरायचा ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी तो चढवला, डावीकडे तिरका, अगदी जेवढा हवा तेवढाच. अंगठा सुटला आणि बूट खाली पडला. पण तो तिरकेपणा बरोबर होता. तो सापडायला मला महिना लागला होता.

"तुमाला कसं माहीत, अण्णा?"

"काय?"

"तिरका धरायचा म्हणून. मी अजून सांगितलंच न्हाई."

ते वाकून बूट उचलायला गेले आणि तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "हैदराबादला चढवून बघितलंता. तू खाली मोटर बघत व्हतीस तवा."

"मंग?"

"मंग काय. तवाच कळलं, आपल्याच्यानं हे व्हत न्हाई. त्या हिरव्याचं चाक बी फिरवून बघितलंतं. ते फिरत व्हतं. तळहातानं."

मोटर बंद होती. बाहेर वाघिणी आदळल्या, एकापाठोपाठ एक, लांबपर्यंत.

"मंग बोलला कावून न्हाईत?"

"तू म्हणशील ते, म्हणलो की."

"अण्णा, कावून?"

त्यांनी बुटावरची राख अंगरख्याला पुसली. "इलास गेला," ते म्हणाले. "हिरवं घेतलं असतं तर तू बी गेली असतीस. मी एकटा बसून चाक फिरवत बसलो असतो." आणि मग, जणू हेच समजावायचं राहिलं होतं अशा सुरात, "काळं मशीन खरंच चांगलं हाय, सुरे. तू चुकली न्हाईस."

मला अजूनही ते वाक्य सहन होत नाही. ते मुद्दाम दुखवायला म्हणाले नव्हते. त्यांनी माझ्या निवडीचं कौतुकच केलं होतं, हैदराबादलाही आणि तेव्हाही. त्यांनी मला अडकवलं असं म्हणावं तर त्यांनी फक्त गप्प राहायचं काम केलं होतं. बाकी सगळं मी माझ्या हातानं, अकरा प्रश्न विचारून केलं होतं. मी दार उघडून बाहेर आले. दारात बूट होते, त्यांत पाय अडकून पडले, आणि पडल्या जागी रडायला लागले.

माय पडवीत दोरा वळत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं, पत्र्याच्या घरात काय लपतं? तिनं दोरा खाली ठेवला, लुगड्याला हात पुसले, मला ओलांडून आत गेली आणि अण्णांना म्हणाली, "सरका. मला दावा."

"तुला?" अण्णा म्हणाले. "येडी का काय! बाईमाणूस मशीनवर बसंल?"

"मंग ही वरीसभर बसली ती कोण हाय? बाप्या हाय?"

अण्णांनी हातातला बूट खाली ठेवला. ते बाहेर आले, पोत्यांपाशी उभे राहिले आणि थोड्या वेळानं टपरीवर निघून गेले. त्या आठवड्यात ते आणि मी एकमेकांशी बोललो नाही.

मायला वाचता येत नव्हतं, त्यामुळे भिंतीवरच्या माझ्या पानांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिनं ती पहिल्याच दिवशी काढून चुलीजवळ ठेवली. पण तिचे अंगठे! तीस वर्षं राळेतून दोरा ओढलेले अंगठे होते ते. बूट शिंगावर असा बसायचा की जणू खिळा ठोकलाय. कानाचं मात्र तिला जमेना. ती खट् वर पाय सोडायची. मी मागं उभी राहून तिच्या पाठीवर थाप मारायची, दर खाकला एक. अशा त्या अरुंद खोलीत आम्ही दोघी एकीमागं एक चिकटून उभ्या, घामानं निथळत, मी तिच्या पाठीवर ताल धरलेला. सातव्या दिवशी मी थाप मारायची थांबले आणि तिला ते कळलंच नाही. तिनं बुटाचं टोक न थांबता वळवलं, बूट उतरवला, उलटा करून साखळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे तर भाकरी थापण्यासारखंच हाय की. उगं तुमी दोघांनी बाऊ केला."

पोती संपली नव्हती. रविवारी दुपारी मी बांधलेली पिशवी अण्णांनीच सायकलला अडकवली आणि स्टँडपर्यंत ढकलत आणली. पालक म्हणून सही लागेल असं मी सांगितलं होतं; ते म्हणाले, सही केली आहे, पत्राच्या मागं बघ. एसटी सुटायला वेळ होता. आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभे होतो. ते काहीतरी बोलणार असं मला सारखं वाटत होतं. शेवटी ते म्हणाले, "चुंबक लावून बघायचं मायला सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मंग झालं तर," ते म्हणाले. गाडी हलल्यावर ते लगेच वळले. काम पडलं होतं.

औरंगाबादला मी आले, जागा मिळाली, तेवढं खरं. पण सुटले असं लिहिताना लेखणी अडते. पहिले काही महिने मी वसतिगृहात सकाळी उठले की आधी भोंग्याची वाट बघायची. कुणी दार लावलं की मी उठून ते उघडायची. आणि परळीत आता दाराआड कोण आहे, हे मला वर्गात बसूनही माहीत असायचं. मायनं ते मशीन पुढं चौदा वर्षं चालवलं. तिचा डावा कान त्यात गेला. लोक तिलाही कारागीरच म्हणत राहिले आणि अण्णा कुणाला दुरुस्त करत नसत. मी नोकरीला लागल्यावर तिला म्हणाले होते, आता बंद कर. ती म्हणाली, बंद करून काय करू, तुझ्या खोलीवर येऊन राहू?

दिवाळीला पहिल्यांदा घरी गेले तो दिवस आठवतो. दुपारची वेळ, पडवीत कुणी नव्हतं, आतून मशीनचा आवाज येत होता. मी दार ओढून उघडलं. माय पाठमोरी, पदर कमरेला खोचलेला, पाठ ओली. मी हाक मारली, "माय." तिला ऐकू गेलं नाही. मी आणखी दोनदा हाक मारली, मग गप्प राहिले, कारण ती टोकावर आली होती आणि टोकावर थांबता येत नाही. आठ टाके मोजत मी दारात उभी राहिले. तिनं बूट उतरवला, मान वळवली आणि मला पाहिलं. चेहऱ्यावर आधी भीती आणि मग हसू आलं.

"आलीस? वाळली किती गं," ती म्हणाली. मग उजवा हात माझ्याकडे पुढं करून, पाय पायटीवरच ठेवून म्हणाली, "दे बरं पुढचा."

मी पिशवी खाली ठेवली आणि बूट दिला.